निजेला धोंडा

आम्ही पिंजाऱ्याच्या घरात जन्मलो. गावात कोणी पिंजारी म्हणत, कोणी नदाफ, आणि जरा शिकलेली मंडळी स्वतःला मन्सुरी म्हणवून घेत. नाव काहीही असो, धंदा एकच होता, लोकांच्या झोपेची सोय करणे. दिवाळी उरकली की अब्बा खांद्यावर पिंजण टाकून बाहेर पडत आणि वळवाचा पाऊस येईपर्यंत कृष्णाकाठची गावे पालथी घालत. पिंजणाच्या तातीवर लाकडी दस्ता पडला की निघणारा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाई, त्यामुळे वेगळी आरोळी द्यावी लागत नसे. बायका जुन्या गाद्या अंगणात आणून टाकत. अब्बा खोळ उसवत, वर्षानुवर्षे अंगाखाली दबून गोळे झालेला कापूस बाहेर काढत आणि पिंजायला बसत. संध्याकाळपर्यंत तोच कापूस दुप्पट दिसू लागे. मग तो पुन्हा खोळीत भरायचा, काठीने सारखा करायचा, मोठ्या सुईने टाके घालायचे. लग्नसराईत नव्या गाद्यांचे काम असे. त्या दिवसांत अब्बांच्या भुवयांवर आणि दाढीत कापसाचे तूस बसलेले असे, आणि रात्री ते खूप खोकत.

या घरात आम्ही पाच भावंडे वाकळेवर झोपत होतो. वाकळेखाली गोणपाट. गादी होती, पण एकच. ती घडी घालून ट्रंकेवर ठेवलेली असे, पाहुण्यांसाठी. पाहुणे आले की ती खाली येई आणि ते गेले की पुन्हा वर जाई. आमच्या धाकट्या बहिणीने एकदा विचारले, की अब्बा सगळ्या गावाला गाद्या करतात, मग आपल्याला का नाही? घरात आमची बोली दखनी होती, पण म्हणी मात्र अब्बा मराठीच वापरत. फेरीवर शिकलेल्या. ते हसून म्हणाले, "भुकेला कोंडा, निजेला धोंडा."

पुढे आम्ही मास्तर झालो आणि हीच म्हण तीस वर्षे मुलांना शिकवली. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा, दोन गुण. गरजवंताला निवड नसते, असा अर्थ आम्ही फळ्यावर लिहून देत असू. तो अर्थ चुकीचा नाही. दमलेला माणूस खरोखरच दगडावर डोके ठेवून झोपतो, आम्ही पाहिले आहे. पण म्हण कोणाच्या तोंडी आहे यावर तिचा अर्थ ठरतो. अब्बांच्या तोंडी ती लाज झाकणारी होती. गादीवर बसून पानाला चुना लावणाऱ्याच्या तोंडी तीच म्हण आली तर तिचा अर्थ असा होतो, की यांना काही दिले नाही तरी चालते.

झोपेवर लिहायचे म्हटले की श्रीमंताला गादीवर झोप येत नाही आणि गरीब मात्र कुठेही सुखाने झोपतो, असे लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आम्हाला ती मान्य नाही. गरिबाच्या झोपेचे हे कौतुक ज्यांनी केले ते पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात झोपलेले नसावेत. डास, उकाडा, शेजारच्या पोराचे रडणे, पहाटे साडेचारला येणारे नळाचे पाणी आणि महिनाअखेरचे देणे, हे सगळे उशाला घेऊन जी लागते तिला सुखाची झोप म्हणवत नाही. शरीर थकून पडते, एवढेच.

हे आम्हाला आज समजते. चाळिशीपर्यंत समजत नव्हते, आणि त्याची किंमत आमच्या एका विद्यार्थ्याने मोजली. ती गोष्ट आधी सांगून टाकतो.

आमची नोकरी इचलकरंजीतल्या एका शाळेत होती. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे सारे गावच मागांच्या खडखडाटावर जगू लागले. आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. अंगाने किरकोळ, अक्षर चांगले. चौथ्या तासाला हमखास झोपायचा. डुलकी नव्हे, चांगली झोप, तोंड उघडे ठेवून. आम्ही खडू मारून उठवले, बाकावर उभे केले, एकदा मैदानाला दोन फेऱ्याही मारायला लावल्या. आमच्या बिरादरीतला असता तर असहाब-ए-कहफ म्हटले असते. वर्गाला कळावे म्हणून कुंभकर्ण म्हटले. नाव लगेच चिकटले. पोरे हसली, आम्हीही हसलो. मास्तराला वर्ग हसवता आला की त्याला शिकवल्याचे समाधान मिळते, हा आमच्या धंद्यातला जुना दोष आहे.

त्या वर्षी शब-ए-बरातच्या रात्री आम्ही मशिदीतून कब्रस्तानात गेलो. अब्बांच्या कबरीवर फातेहा पढून दीडच्या सुमारास परत निघालो. रस्ता मागांच्या गल्लीतून होता. एका खात्याचे दार उकाड्यामुळे उघडे होते. आत कांडी भरण्याच्या यंत्रापाशी तो मुलगा बसला होता. रिकाम्या कांड्या लावायच्या, भरलेल्या काढायच्या, तुटलेला धागा जोडायचा. डोळे तारवटलेले, पण हात चुकत नव्हते. त्याने आम्हाला पाहिले आणि तो उठून उभा राहिला. वर्गात उभा राहायचा तसाच, खाली मान घालून.

दुसऱ्या दिवशी चौकशी केली. वडिलांना क्षयाने धरले होते आणि त्यांच्या जागी थोरला भाऊ मागावर होता. भावाच्या हाताखाली हा रात्री अकरा-बारापासून पहाटेपर्यंत बसत असे. नंतर आम्ही त्याची माफी मागितली असे इथे लिहिता आले असते तर बरे झाले असते. तसे घडले नाही. आम्ही त्याला मागच्या बाकावर बसवले, आणि तो झोपला तर पाहून न पाहिल्यासारखे केले. याला दया म्हणावे की टाळाटाळ, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. उठवले असते तर शरीराचे नुकसान होते, झोपू दिले तर अभ्यासाचे. तिसरी वाट होती, खातेमालकाला आणि घरच्यांना जाऊन भेटायची. ती आम्ही घेतली नाही. तो नववीत नापास झाला आणि शाळेतून गेला.

झोप म्हणजे नुसते बंद पडणे नव्हे, हे विज्ञानालाही उशिराच कळले. १९५३ साली शिकागोमध्ये युजीन असेरिन्स्की आणि नथॅनियल क्लाइटमन यांनी झोपलेल्या माणसांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या, तेव्हा निजलेल्या मेंदूचेही स्वतःचे कामकाज चालते, हे लक्षात आले. सुमारे दीड-दीड तासाचे चार-पाच फेरे एका रात्रीत होतात. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात पडतो, स्वप्नांच्या झोपेचा पहाटेकडच्या भागात. वाढत्या वयाच्या मुलांच्या शरीरात वाढीचे हार्मोन गाढ झोपेत जास्त पाझरते. दिवसा जे शिकलो ते झोपेत पक्के होते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तासांची झोप लागते, आणि त्या वयात शरीराचे घड्याळच थोडे उशिरा निजायच्या बाजूला सरकलेले असते. म्हणजे आम्ही फळ्यावर जे लिहीत होतो त्यातला मोठा भाग त्या मुलाच्या झोपेने त्याच्या डोक्यात लिहायचा होता. ती झोप तर कांड्यांवर गुंडाळली जात होती. मग आम्ही शिकवत होतो कोणाला?

मोठ्यांची गोष्ट वेगळी नाही. मागाच्या धंद्यात बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांची रीत पडली आणि आठवडा बदलला की दिवसाची पाळी रात्रीची होते. आपल्या शरीरात प्रत्येक पेशीपर्यंत पोचलेले एक घड्याळ आहे. ते कसे चालते हे उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकाचे नोबेल मिळाले. हे घड्याळ उजेडावर लावलेले आहे, मालकाच्या भोंग्यावर नाही. रात्रपाळीचा माणूस सकाळी आठला अंथरुणावर पडतो तेव्हा ऊन वर येत असते आणि शरीर म्हणत असते की ऊठ. त्यामुळे दिवसाची झोप तोकडी आणि तुटक होते. शरीर नव्या वेळेला जेमतेम रुळते न रुळते तोच पाळी बदलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, आणि पुन्हा २०१९ साली, रात्रपाळीला कर्करोगाच्या संभाव्य कारणांमध्ये धरले. रक्तदाब आणि मधुमेह यांच्याशी अपुऱ्या झोपेचा संबंध तर आता कोणताही डॉक्टर सांगतो.

जागे राहायला कामगार चहा पितो, तंबाखू मळतो. चहाने झोप भागत नाही. मेंदूत दिवसभर साचत जाणारा थकव्याचा एक पदार्थ असतो, चहातले कॅफिन त्याची जागा अडवते आणि निरोप तेवढा पोचू देत नाही. देणे तसेच राहते, चढत जाते. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हातपाय आणि लक्ष, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतके मंदावते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. दारू पिऊन मागावर आलेल्याला मालक हाकलून देतो. सतरा तास जागलेल्याला मात्र तो मेहनती म्हणतो. धोटा उडून डोळ्याला लागला, बोट पट्ट्यात गेले, की चूक कामगाराची ठरते. लक्ष नव्हते म्हणतात.

या कामगारांच्या खोल्याही आम्ही पाहिल्या आहेत. दोन पाळ्यांचे लोक एकाच खोलीत राहतात. एक उठून कामावर जातो, दुसरा येऊन त्याच अंथरुणावर पडतो. अंथरूण कधी थंड होत नाही. मुंबईत गिरणगावच्या खोल्यांतून कोकणातले चाकरमानी वर्षानुवर्षे असेच पाळीने झोपले. अब्बा असते तर म्हणाले असते, की या गादीचा कापूस सहा महिन्यांत बसणार.

मग झोप कमी करणे हा गुण आहे की दोष? आपल्याकडे जागण्याला मान आहे. पहाटे उठणारा सद्गुणी, उशिरा उठणारा दरिद्री. हिंदू घरांत जागरण-गोंधळ आहे, आमच्याकडे शब-ए-कद्र आहे, तहज्जूद आहे. रात्र जागवणाऱ्या माणसाबद्दल आम्हालाही आदर वाटतो. पण त्या शब-ए-बरातच्या रात्री एकाच गल्लीत दोघे जागे होतो. आम्ही आपल्या मर्जीने, आणि तो मुलगा नाइलाजाने. आमच्या जागण्याला सवाब होता. त्याच्या जागण्याला कांडीमागे काही पैसे होते आणि वर आमचा खडू होता. दोन्हींना जागणे हा एकच शब्द लावणे आम्हाला तेव्हापासून जड जाते.

फजरच्या अजानमध्ये एक वाक्य जादा असते. नमाज झोपेपेक्षा बेहतर आहे, असा त्याचा आशय. लहानपणी आम्हाला वाटे की यात झोपेची निंदा आहे. आता वेगळे वाटते. बेहतर म्हणायचे तर तुलना दोन चांगल्या गोष्टींची असते. नमाज चोरीपेक्षा बेहतर आहे असे कोणी म्हणत नाही. झोप ही मुळात मोलाची आहे म्हणून तर ती सोडून येण्याला किंमत. अजान पहिल्यांदा दिली ती हजरत बिलाल यांनी, आणि ते गुलामीतून सुटलेले होते. गुलामाची झोप त्याची नसते, मालक लाथ मारून उठवील तेव्हा ती संपते. स्वतःच्या झोपेचा जो मालक झाला आहे त्यालाच, ऊठ, याहून मोठे काही आहे, असे म्हणता येते. ज्याची झोप आधीच कोणी नेली आहे त्याला काय सांगायचे?

कुरआनातही झोपेला विसावा मानले आहे आणि रात्रीला पोशाखाची उपमा दिली आहे. पिंजाऱ्याच्या पोराला ही उपमा जवळची वाटणारच. हदीसमध्ये हजरत सलमान फारसी यांची एक हकीकत येते. ते आपले धर्मबंधू अबू दर्दा यांच्याकडे पाहुणे गेले. अबू दर्दा दिवसा रोजे ठेवत आणि रात्र रात्र इबादत करत. घराकडे, पत्नीकडे लक्ष नव्हते. सलमान यांनी त्यांना जेवायला बसवले, रात्री ते नमाजला उठू लागले तर झोपा म्हणून परत पाठवले, पुन्हा उठले तर पुन्हा पाठवले. रात्रीचा शेवटचा प्रहर आला तेव्हा स्वतः उठवले आणि दोघांनी नमाज पढली. तुमच्यावर तुमच्या रबचा हक आहे तसा तुमच्या देहाचा आणि घरच्यांचाही आहे, असे सलमान यांनी समजावले. पैगंबरांपर्यंत ही गोष्ट गेली तेव्हा त्यांनी सलमान यांचे म्हणणे बरोबर ठरवले. इथे झोपेला सवलत किंवा चैन म्हटलेले नाही. तिला हक म्हटले आहे, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

आता याच हकाच्या नावाने आपल्या घरातले थोडे बोलले पाहिजे. रमजानमध्ये सहरीसाठी पहाटे तीनपासून भोंग्यावर पुकारा करण्याची पद्धत अनेक मोहल्ल्यांत होती, काही ठिकाणी अजून आहे. भिंतीपलीकडे कोणी रात्रपाळी करून नुकताच टेकलेला असतो, कोणाकडे आजारी माणूस असते, कोणाचा उद्या पेपर असतो, आणि त्यात आपलेही असतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्याला बंदी घातली आहे. ती गणपतीच्या मांडवाला आहे, लग्नाच्या वरातीला आहे, उरुसालाही आहे. दुसरा पाळत नाही म्हणून आम्हीही पाळणार नाही, हा वाद शाळेत पोरे घालतात. प्रत्येकाच्या उशाशी मोबाइलचा गजर असताना भोंग्याने काय साधते?

सहरी म्हटली की आम्हाला अम्मा आठवते. सगळ्यांच्या आधी उठून ती चूल पेटवी. भाकऱ्या थापून, कालवण गरम करून मग आम्हाला उठवी. आम्ही खाऊन, फजर पढून पुन्हा आडवे होत असू. ती नळाला जाई. दुपारी भिंतीला टेकून, मांडीवर तांदळाचे सूप घेऊन बसल्या बसल्या तिचा डोळा लागे आणि मान एकदम खाली पडे. "अम्मा बैठे-बैठे सोती," म्हणून आम्ही भावंडे हसत असू. घरातला तो कायमचा विनोद होता. ती दचकून जागी होई आणि ओशाळून तांदूळ निवडू लागे. तिच्या हकाचा हिशेब कोणी ठेवला? अबू दर्दांची हकीकत सांगणाऱ्या कितीतरी मौलवींची प्रवचने आम्ही ऐकली. प्रवचन संपवून घरी आल्यावर त्यांना गरम जेवण वाढायला कोण जागे होते, हा प्रश्न त्यांना आणि आम्हालाही पडला नाही. कामावरचा माणूस निदान पाळी सुटली की सुटतो. घरातल्या बाईची पाळी सुटत नाही. पुण्याच्या दुकानदारांच्या वामकुक्षीवर सारा महाराष्ट्र विनोद करतो. आम्हाला त्या दुकानदारांचा राग येत नाही, दुपारची कैलुला आमच्याकडेही सुन्नत आहे. प्रश्न एवढाच, की दुकानाची फळी लावून दोन तास पडणाऱ्याच्या घरात त्या दोन तासांत आणखी कोण पडते.

हक हा शब्द कागदावर यायला माणसांना झगडावे लागले. आज रविवार हा आपल्याला सूर्य-चंद्राइतका नैसर्गिक वाटतो. मुंबईच्या गिरणी कामगाराला तो नव्हता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या आज वाचल्या तर फार साध्या वाटतात. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद. म्हणजे त्यांना रात्र परत हवी होती. रविवारची सुट्टी मान्य व्हायला १० जून १८९० उजाडला. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. मात्र विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहापेक्षा कमी कामगार असले तर तो कायदा लागू होत नसे, आणि एकच खाते चार नावांवर वाटून दाखवण्याची युक्ती मागांच्या गावांत कोणाला शिकवावी लागली नाही.

न्यायालयेही या प्रश्नापर्यंत आली. जून २०११ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर झोपलेल्या लोकांवर पोलिसांनी रात्री कारवाई केली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिलेल्या निकालात, झोप ही घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हकाचाच भाग असल्याचे म्हटले गेले. एका ज्येष्ठ नागरिकाची तपास यंत्रणेने रात्रभर चौकशी केली, तेव्हा २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे, असे सांगून नाराजी नोंदवली. वाचून बरे वाटले. पण हे दोन्ही निकाल शासनाने मोडलेल्या झोपेबद्दल आहेत. गरज मोडते त्या झोपेची फिर्याद कुठे करायची?

८ मे २०२० ची पहाट. टाळेबंदीत काम गेलेले मध्य प्रदेशातले मजूर जालन्याहून गावाकडे जायला निघाले होते. रस्त्याने पोलीस अडवतील म्हणून लोहमार्गाने चालत होते. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ ते थकून रुळांवरच बसले आणि तिथेच झोपी गेले. पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडी आली. सोळा जण गेले. त्यांच्या भाकरी रुळांवर विखुरलेल्या सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. त्यानंतर आम्ही सुशिक्षितांच्या तोंडून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकला, की रुळावर झोपायचे असते का? जणू झोपायला जागा निवडली होती. अतिश्रमाने येणारी झोप विचारून येत नाही. ती मेंदू घेतो, माणसाचा निर्णय त्यात उरत नाही. म्हणीतला कोंडा आणि धोंडा तिथे शेजारी शेजारी पडलेला होता. गाड्या बंद आहेत असे त्यांना वाटले होते.

अब्बांच्या कामाला आता गिऱ्हाईक फारसे उरले नाही. यंत्रावर कापूस पिंजून मिळतो, आणि त्याहूनही लोक फोमच्या गाद्या घेतात. अम्मा गेल्यावर ट्रंकेवरची ती गादी आमच्याकडे आली. खोळ अजून शाबूत आहे. त्यावर माणसे इतकी कमी झोपली आहेत की कापूस बसलेलाच नाही.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नासाठी इचलकरंजीला गेलो होतो. तिथे रस्त्यात कोणीतरी "सर" म्हणून हाक मारली. ओळखायला वेळ लागला. केस पांढरे झालेले, एका कानाने कमी ऐकू येते, मागांच्या आवाजाने बहुतेकांचे होते तसे. आता त्याने स्वतःचे सहा माग भाड्याच्या शेडमध्ये लावले आहेत. चहाला चला म्हणून खात्यावर घेऊन गेला. दोन कामगार मागांवर होते. त्यांच्या पाळ्या किती तासांच्या, हे विचारायचे आमच्या मनात आले. विचारले नाही. तेवढ्यात त्यानेच सांगितले, "आठ तासाच्या तीन करायच्या म्हणतोय सर, पण माणसं मिळत नाहीत आणि परवडतबी नाही." खरे की आमच्यासाठी, कोण जाणे.

कोपऱ्यात कापडाच्या ताग्यांवर त्याचा नातू झोपला होता. चार-पाच वर्षांचा, तोंड उघडे. त्या खडखडाटात आम्हाला एकमेकांचे बोलणे ऐकू येत नव्हते आणि पोर गाढ झोपेत होते. तो आमच्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाला, "ह्याला आवाजातच झोप लागती सर." कुंभकर्णाची आठवण त्याने काढली नाही. आम्ही काढावी की नाही, याचा विचार करत आम्ही चहा पीत होतो. एवढ्यात वीज गेली. सगळे माग एकदम थांबले, आणि त्या शांततेने पोराला जाग आली.